‘साधी मारहाण’ म्हणून हे प्रकरण सोडू नका

प्रश्न : आम्ही नागपूरला नंदनवनात राहतो. यजमानांची तर्री-पोह्याची गाडी आहे. ओळखीतल्या एका सावकाराकडून 80,000 रुपये घेतले होते, आतापर्यंत 1,70,000 फेडले. तरी गेल्या महिन्यात त्याने यजमानांना गोदामात नेलं, दोघांकडून काठीने पाठीवर-खांद्यावर मारवलं आणि कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही घेतली. हाड मोडलं नाही, पण 18 दिवस गाडी लागली नाही. ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) झाली. शेजारी म्हणतात, ‘पैसे घेतले होते ना, मंग कायले कोर्टकचेरी करता?’

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेली एनसीची पावती पाहिली. तिच्यावर भारतीय न्याय संहितेची 115(2) आणि 351(2) ही कलमं आहेत, म्हणजे साधी दुखापत आणि धमकी. दोन्ही अदखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. कोऱ्या कागदावरच्या सहीचा तिच्यात एक शब्दही नाही, आणि सगळं प्रकरण तर त्या सहीचंच आहे.

धाक घालून सही करून घेणं ही खंडणी आहे. कलम 308 मध्ये कायद्याने जी उदाहरणं दिली आहेत, त्यात कोऱ्या कागदावर जबरदस्तीने घेतलेली सही आहेच. जुन्या दंडविधानात खंडणीला 3 वर्षांपर्यंत कैद होती. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी न्याय संहिता आली आणि ती 7 वर्षांपर्यंत झाली. जिवाची किंवा गंभीर दुखापतीची भीती घालून खंडणी घेतली तर 10 वर्षांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना तो नोंदवून स्वतःहून तपास करावाच लागतो.

आता त्या 18 दिवसांकडे या. तुम्ही ते पत्रात सहज लिहून गेलात, पण माझ्या मते तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा तोच आहे. माणूस 20 दिवस तीव्र वेदनेत असेल किंवा त्याला रोजचं काम करता येत नसेल, तर पूर्वी त्या दुखापतीला ‘गंभीर’ म्हणत. नव्या कलम 116 ने ही मुदत 15 दिवसांवर आणली. हाड मोडायलाच हवं असं नाही. जुन्या कायद्यात तुमच्या यजमानांची दुखापत साधी ठरली असती, आज ती गंभीर ठरू शकते. मालमत्ता किंवा दस्तऐवज उकळण्यासाठी गंभीर दुखापत केली तर कलम 119(2) खाली जन्मठेप किंवा 10 वर्षांपर्यंत कैद आहे. सावकाराचा वकील म्हणेल, ‘हे तर येणं वसूल करत होते.’ म्हणू द्या. येणं खरं असलं तरी वसुलीसाठी गंभीर दुखापत करणं हा कलम 120 खाली गुन्हाच आहे, 10 वर्षांपर्यंतचा.

पण हे 18 दिवस कागदावर दिसले पाहिजेत. मेडिकलमधला (सरकारी रुग्णालयातला) केसपेपर, एमएलसी (पोलीस प्रकरणाच्या वैद्यकीय नोंदीचा) नंबर, नंतरच्या प्रत्येक तपासणीची चिठ्ठी, गोळ्यांची बिलं एका फाइलमध्ये लावा. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी ‘साधी’ लिहिलं असेल तर ते त्या दिवसापुरतं. पुढच्या उपचारांवरून पुन्हा अभिप्राय मागवा, असा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्याला द्या. शेजारच्या पानठेलेवाल्याचा जबाब घ्यायला लावा. गाडी किती दिवस बंद होती हे त्याच्याइतकं कोण सांगणार?

ठाण्यात 308, 119 आणि 120 ही कलमं लिहून नवा अर्ज द्या आणि पोच घ्या. गुन्हा नोंदवला नाही तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पोलीस उपायुक्तांना पाठवा. तरीही हललं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या) कलम 175(3) खाली, शपथपत्रासह, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. वकिलाच्या फीची चिंता नको. बाईमाणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे तुम्ही स्वतः अर्ज करा.

सावकाराकडे परवाना आहे का, हे सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे विचारा. नसेल तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली त्यालाच 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवाना असला तरी मुद्दलाहून जास्त व्याज घेता येत नाही. तुमचा हिशेब 1,60,000 लाच संपतो.

त्याच्याकडे सही केलेले कोरे चेक असतील आणि वकिलाची नोटीस आली, तर 15 दिवसांच्या आत उत्तर गेलंच पाहिजे. ‘समेट करू’ म्हणून बोलावलं तर यजमानांना एकटं पाठवू नका. तो पुन्हा गाडीसमोर येऊन उभा राहिला तर 112 लावा आणि त्या दिवसाची वेगळी तक्रार द्या, जुन्या अर्जात मिसळू नका.