टेलर स्ट्रीटची '४२ गँग' : पोरांच्या टोळीचा उदय आणि शेवट

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. शिकागोतल्या इटालियन पोरांची '४२ गँग' वर कशी आली आणि संपली कशी, ही एक. आणि तिच्यातूनच पुढे सॅम जियान्कानासारखा डॉन निघाला, तर ती टोळी 'संपली' असं म्हणायचं तरी कसं, ही दुसरी. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी आधीच देऊन टाकतो. टोळी संपली म्हणूनच जियान्काना निघाला. ती पोरं अशी चाळली गेली की चारदोन दाणे वर राहिले आणि बाकीचे कुठे पडले हे कोणी पाहिलं नाही.

मी शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात दोन वर्षं शिकलो. ही टोळी ज्या टेलर स्ट्रीटवर जन्मली, तिथून माझी खोली चालत पाच मिनिटांवर होती. उन्हाळ्यात तिथल्या 'मारिओज' नावाच्या टपरीवर संध्याकाळी रांग लागते. किसलेला लिंबाचा बर्फ मिळतो, त्यात लिंबाच्या सालीचे बारीक तुकडे दाताखाली येतात. पहिले कित्येक महिने मला तो रस्ता म्हणजे एवढंच होतं. नंतर वाचत गेलो आणि त्या रांगेत उभं राहण्याची चव बदलली.

१९२०च्या सुमाराची ही वस्ती डोळ्यांसमोर आणा. दक्षिण इटली आणि सिसिलीतून आलेली माणसं, लाकडी घरं, एकेका खोलीत सहा-सात जण, बाप हातगाडीवर फळं विकणारा नाहीतर रेल्वेच्या रुळांवर मजुरी करणारा. जानेवारी १९२०मध्ये देशभर दारूबंदी आली आणि टेलर स्ट्रीटचं नशीब फिरलं. सिसिलीतल्या मार्साला गावचे सहा जेन्ना भाऊ इथे होते. त्यांनी औद्योगिक अल्कोहोल बनवण्याचा सरकारी परवाना काढला आणि त्याच्या आडून दारूचा धंदा लावला. पण त्यांची खरी युक्ती वेगळी होती. त्यांनी घराघरांत हातभट्ट्या बसवून दिल्या. भट्टीकडे लक्ष ठेवायचं, विस्तव विझू द्यायचा नाही, आणि दिवसाला १५ डॉलर घ्यायचे. मजुरीवर घर चालवणाऱ्या माणसाला हे पैसे स्वप्नातले होते. पोलीस दर महिन्याला जेन्नांच्या गोदामावर येऊन आपापला हप्ता घेऊन जात, तेही दिवसाढवळ्या, सगळ्या गल्लीदेखत.

आता विचार करा, या गल्लीत जे पोरगं दहाव्या-बाराव्या वर्षी नाक्यावर उभं आहे, ते काय बघतंय? राबणारा बाप संध्याकाळी वाकून घरी येतो. दारूवाला रेशमी शर्ट घालून गाडीतून उतरतो आणि पोलीस त्याला सलाम ठोकतो. स्वयंपाकघरात आंबवलेल्या साखरेचा वास आणि भट्टीपाशी आई. अशा मुलाला 'गुन्हा' हा शब्द कुठल्या तोंडाने समजावणार?

१९२५च्या सुमारास अशाच पोरांनी स्वतःला नाव दिलं. अलीबाबाच्या गोष्टीत चोर चाळीस, अलीबाबा धरून एकेचाळीस, मग आपण त्यांच्यावर एक जास्त, म्हणून बेचाळीस. गंमत अशी की सुरुवातीला ती मोजून चोवीसच असावीत, असं सांगतात. मला हे नाव वाचून नेहमी पोटात कालवतं, कारण ते उघडउघड लहान मुलांनी ठेवलेलं नाव आहे. त्यांचा म्होरक्या जोई कोलारो, त्यालाही बेसबॉल खेळाडूवरून 'बेब रुथ' म्हणत.

त्यांच्या चोऱ्याही सुरुवातीला भुरट्याच होत्या. दोरीवर वाळत घातलेले कपडे, फेरीवाल्याच्या कोंबड्या, सिगारच्या दुकानातला गल्ला. घोडे चोरून त्यांचं मांस विकण्यापर्यंत मजल गेली. पण त्यांचं खरं कसब होतं मोटारगाडी. गाडी उचलायची, तासाभरात तिचे टायर आणि सुटे भाग काढून विकायचे. आणि रात्री चोरीची गाडी घेऊन गल्लीतून सुसाट जायचं, नाक्यावरचं वळण दोन चाकांवर घ्यायचं. बघायला पोरंपोरी रस्त्याच्या कडेला उभी राहत. गाडी कलली, चाकं किंचाळली आणि तरीही ती उलटली नाही, की त्या रात्रीपुरता तो पोरगा वस्तीचा राजा.

या राजेपणाला बाजारात किंमत होती, हे लक्षात घ्या. दरोडा घालणाऱ्याला पळून जाताना गाडी हाणणारा लागतोच. दारूच्या ट्रकलाही ड्रायव्हर लागतो. शिकागोतल्या दारूच्या धंद्याचा बडा डॉन अल कपोन, त्याच्या माणसांचं या पोरांकडे लक्ष गेलं ते मुख्यतः गाडीमुळे. जियान्काना हा या कामात सगळ्यांत तरबेज मानला जाई. १९०८चा त्याचा जन्म. आई तो दोन वर्षांचा असताना गेली. बाप फेरीवाला, आणि मारकुटा. त्याचं गल्लीतलं नाव 'मूनी', म्हणजे डोक्यावर परिणाम झालेला.

हे टोपणनाव एकट्याचं असलं तरी टोळीची कीर्तीही तीच होती. कपोनच्या माणसांनाही ही पोरं फार बेभान वाटत. ती कुठे, कधी गोळी घालतील याचा नेम नाही, धंद्याला असली पोरं परवडत नाहीत, असा त्यांचा हिशेब. १९२८मध्ये सेंट चार्ल्सच्या बालसुधारगृहात टोळीची काही मुलं होती, तर बाहेरच्यांनी तिथे फोन करून धमकी दिली: आमच्या दोस्तांना सोडा, नाहीतर मशीनगन घेऊन येतो. तिथे सैनिकांचा बंदोबस्त ठेवावा लागला. कपोनच्या लोकांना धंदा शांतपणे चालवायचा होता. ज्यांच्या एका फोनसरशी सैन्य गोळा होतं, त्यांना ते जवळ कसं करणार?

तरी पोरं वाटच बघत राहिली. कधीतरी वरून बोलावणं येईल, एखादं काम मिळेल, म्हणून नाक्यावर थांबली. माझ्या मते या टोळीचा खरा उदय झालाच नाही. तिच्याकडे स्वतःचा धंदा नव्हता, दारूची वाट नव्हती, राजकारणातला माणूस नव्हता. होता तो वस्तीतला वचक आणि मोठ्यांच्या दारात उभं राहण्याची हौस.

वचक मात्र खरा होता. १९२६मध्ये एका दुकानदाराच्या खुनात जियान्काना आणि त्याचे साथीदार पकडले गेले. मुख्य साक्षीदार खटल्याआधीच मारला गेला आणि खटला उभाच राहिला नाही. जियान्काना तेव्हा अठरा वर्षांचा होता.

आता शेवट. तो एका दिवशी, एखाद्या मोठ्या चकमकीत आला नाही. कोणी पोलिसाच्या गोळीने गेलं, कोणी आपल्याच माणसांच्या, कोणी तुरुंगात. १९३१मध्ये शिकागो विद्यापीठाच्या समाजशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. मूळच्या बेचाळीस मानल्या गेलेल्यांपैकी तीसहून जास्त जण एकतर मेलेले, जायबंदी झालेले, नाहीतर खून, बलात्कार, सशस्त्र दरोडा अशा गुन्ह्यांत आत होते. नाव ठेवून जेमतेम सहा वर्षं झाली होती. बहुतेकांनी पंचविशीही ओलांडलेली नव्हती.

जियान्काना स्वतः १९२९मध्ये घरफोडीसाठी जॉलिएटच्या तुरुंगात गेला आणि १९३२च्या डिसेंबरात सुटला. तोपर्यंत कपोन करबुडवेगिरीच्या शिक्षेवर गेला होता, आणि पुढच्याच वर्षी दारूबंदी उठली. ज्या पैशाकडे बघत ही पोरं मोठी झाली, तो पैसाच आटला. टोळी म्हणावी असं काही उरलं नव्हतं.

वर राहिलेले ते हेच: जियान्काना, सॅम बॅटाग्लिया, फेलिक्स अल्डेरिसियो, सॅम डीस्टेफानो, चार्ल्स निकोलेटी आणि असे थोडे. त्यांना कपोननंतरच्या संघटनेने, म्हणजे 'आउटफिट'ने, एकेकटं घेतलं. जियान्काना १९३९मध्ये बेकायदा दारूसाठी पुन्हा तुरुंगात गेला. तिथे त्याची एका कृष्णवर्णीय धंदेवाल्याशी गाठ पडली आणि दक्षिण शिकागोतला 'पॉलिसी'चा धंदा, म्हणजे आपल्या मटक्यासारखा आकड्यांचा जुगार, किती पैसा देतो हे त्याला कळलं. बाहेर आल्यावर त्याने तो आउटफिटसाठी बळकावला. महायुद्धात लष्करभरतीच्या वेळी काय काम करतोस असं विचारल्यावर त्याने 'चोरी करतो' असं सांगितलं, आणि डॉक्टरांनी त्याला मनोरुग्ण ठरवून घरी पाठवलं. आउटफिटचा म्होरक्या टोनी अकार्डो याचा ड्रायव्हर होत होत १९५७मध्ये तो थेट आउटफिटचा प्रमुख झाला. तीस वर्षांपूर्वीची गल्ली तो विसरला नाही. हाताशी धरली ती माणसं पुष्कळशी जुन्या ४२मधलीच.

त्यांचंही पुढे काय झालं ते पाहा. अल्डेरिसियो १९७१मध्ये तुरुंगात मेला. डीस्टेफानोला १९७३मध्ये त्याच्याच गॅरेजमध्ये गोळ्या घातल्या. जियान्काना १९ जून १९७५च्या रात्री ओक पार्कच्या घरात, तळघरातल्या स्वयंपाकघरात सॉसेज परतत असताना मारला गेला. गुप्तचर संस्थांची चौकशी करणाऱ्या सिनेट समितीपुढे त्याची साक्ष व्हायची होती. निकोलेटीला १९७७मध्ये गाडीत बसलेला असताना मारलं.

जॉन लँडेस्को नावाच्या संशोधकाने १९३३मध्ये ४२च्या एका मुलाचा जीवनवृत्तान्त छापला. त्याचं म्हणणं साधारण असं होतं की सज्जन नागरिक जसा त्याच्या परिसरातून घडतो, तसाच गुंडही घडतो. मला ते पटतं, पण पूर्ण पटत नाही. याच वस्तीत, हॅल्स्टेड स्ट्रीटवर, समाजसेविका जेन अॅडम्सने १८८९मध्ये सुरू केलेलं 'हल हाऊस', म्हणजे गरीब स्थलांतरितांसाठीचं समाजकेंद्र, होतं. जियान्कानाहून एकच वर्षाने लहान असलेला आणि पुढे जॅझ संगीतात गाजलेला बेनी गुडमन, जवळच्या ज्यू वस्तीतला गरीब शिंप्याचा मुलगा, तिथल्या मुलांच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवायचा. टेलर स्ट्रीटवरची बहुतेक इटालियन पोरंही कुठल्याच टोळीत गेली नाहीत, ती कामाला गेली. इटालियन म्हटलं की माफिया म्हणणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. या पोरांनी सगळ्यांत आधी लुटलं ते त्यांच्याच गल्लीतल्या फेरीवाल्यांना.

आज तिथे काय आहे, तेही सांगतो. बरीचशी वस्ती आता नाही. महापौर रिचर्ड डेली यांनी तिथे विद्यापीठ आणायचं ठरवलं. टेलर स्ट्रीटवरच्याच एका शिंप्याची मुलगी, फ्लॉरेन्स स्काला, बायाबापड्यांना घेऊन महापौरांच्या कचेरीत ठाण मांडून बसली, कोर्टात गेली, हरली. हल हाऊसच्या तेरा इमारतींपैकी दोनच ठेवल्या. फेब्रुवारी १९६५मध्ये विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले. तिथल्या ग्रंथालयाला डेली यांचंच नाव आहे. १९३१चा तो हिशेब मी त्याच ग्रंथालयात बसून पहिल्यांदा वाचला, आणि संध्याकाळी नेहमीसारखा टेलर स्ट्रीटने घरी गेलो. मारिओजपाशी रांग होती. शाळकरी पोरं हातातले कप सांभाळत फुटपाथवर एकमेकांना ढकलत होती.