बाग नंतर, आधी आईचं हक्कसोडपत्र शोधा

राजापूर तालुक्यातली दोन एकर हापूसची बाग, विहीर आणि कौलारू घर घ्यावं का, असं तुम्ही ठाण्याहून पत्रात विचारलंय. कलमं किती जुनी, विहिरीला मे महिन्यात पाणी राहतं का, यावर पानभर मजकूर आहे. आजोबांची शेती वडिलांनी विकली आणि आता नावावर काहीच नाही, हे मात्र ताजा कलमात. अशी पत्रं मला सारखी येतात, आणि मुद्द्याचं वाक्य नेमकं तळाशी असतं.

कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आजोबा शेतकरी होते, एवढ्यावर तुम्ही शेतकरी ठरत नाही. 'शेतकरी दाखल्याचं मी बघतो' म्हणणाऱ्या एजंटाला तर उंबऱ्याबाहेरच ठेवा. खोट्या दाखल्यावर खरेदीखत झालं, फेरफारही, म्हणजे मालकबदलाची सरकारी नोंदही, मंजूर झाला, तरी तहसीलदार कलम 84 क खाली चौकशी लावू शकतात आणि जमीन सरकारजमा होऊ शकते.

आशेची एकच ओळ दिसली: आईच्या माहेरी वडिलोपार्जित शेती आहे. आईने हक्कसोडपत्र, म्हणजे त्या जमिनीतला आपला हिस्सा सोडल्याचा कागद, नोंदवून दिलंय का? 'मामांनी कशावर तरी सह्या घेतल्या होत्या' हे काही उत्तर नव्हे. त्या गावचे जुने फेरफार काढा. सोडपत्र नसेल तर वारस नोंद करून आईचं नाव सातबाऱ्यावर आणा. मग शेतकरी म्हणून बाग आईच्या नावे घेण्याचा रस्ता खुला होईल. मामांनी हरकत घेतली तर नोंद तक्रारी, म्हणजे वादातली, होईल आणि सुनावणीच्या तारखा सुरू होतील. तुमच्या स्वतःच्या नावे जमेल का, ते कागद पाहिल्याशिवाय सांगणार नाही. सोडपत्र निघालंच, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, आणि तिथे किती दिवस लागतील हे मी कुठल्याच अशिलाला सांगत नाही.

पण तुमच्याकडे दिवस आहेतच कुठे? 5 लाख इसार (आगाऊ रक्कम) देऊन केलेल्या साठेकरारात, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारात, '6 महिन्यांत खरेदीखत न झाल्यास इसार जप्त' असं तुम्हीच सही करून मान्य केलंय, आणि त्यातले दोन संपले. सल्ला सहीच्या आधी घ्यायचा असतो हो! आता मालकाला भेटून पुरवणी करार करा: मुदत परवानगी किंवा वारस नोंद मिळाल्यापासून मोजायची, आणि ती नाकारली गेली तर इसार परत. तो तयार नसेल, तर उरलेली रक्कम एक रुपयाही देऊ नका आणि मूळ करार घेऊन लगेच वकिलाकडे जा.