चालत्या गाडीत टायमिंग बेल्ट तुटला, गॅरेजवाला म्हणतो इंजिनच बदला. दुरुस्ती होते का? आणि हे आधी कळलं असतं का?

हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनचा वरचा भाग, उघडलं का त्याने? नाही ना. मग इंजिन गेलं हे त्याला कळलं कुठून?

तुम्ही लिहिलंय की गाडी टो करून नेली, त्याने वरचं कव्हर काढलं, बेल्ट तुटलेला दिसला आणि लगेच म्हणाला दुसरं इंजिन बसवू. हेच वाक्य मी ऐकलंय, म्हणून जरा लांबलचक लिहितोय, वाचा.

पहिलं काम, सेल्फ मारू नका आणि गॅरेजमध्ये कोणाला "एकदा बघू" म्हणून मारू देऊ नका. धक्का स्टार्ट नको, गाडी गिअरमध्ये असताना ढकलणंही नको. टायमिंग बेल्ट क्रँकच्या (पिस्टनला जोडलेल्या दांड्याच्या) फिरण्यावर कॅम फिरवतो, आणि कॅम व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आतबाहेर सोडणाऱ्या झडपा, उघडतो. बेल्ट तुटला की कॅम जिथल्या तिथे थांबतो, त्यामुळे काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, क्रँक मात्र फिरतच असतो आणि पिस्टन वर येऊन त्या उघड्या व्हॉल्व्हना धडकतो. 3000 आरपीएमला क्रँक सेकंदाला 50 वेळा फिरतो, म्हणजे जे व्हायचं ते तुम्ही ब्रेकवर पाय ठेवायच्या आत झालेलं असतं. पण वाकलेला व्हॉल्व्ह वेगळा आणि तुटून सिलिंडरमध्ये पडलेला व्हॉल्व्ह वेगळा. पहिल्यात हेडचं काम निघतं, दुसऱ्यात पिस्टन, लायनर (सिलिंडरची आतली भिंत), सगळंच जातं, आणि पहिल्याचं दुसरं करायला दोनचार वेळा मारलेला सेल्फ पुरतो.

काही इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना लागतच नाहीत, तेवढी जागा ठेवलेली असते, तिथे नवीन बेल्ट टाकायचा, टायमिंग लावायचं, विषय संपला. पण आजची बहुतेक पेट्रोल इंजिनं धडकणारी आहेत आणि डिझेल तर जवळपास सगळीच, कारण डिझेलचं कॉम्प्रेशन एवढं जास्त असतं की पिस्टन वर आला की हेडपर्यंत जेमतेम मिलीमीटरभर फट उरते.

आता माझं. 16 व्हॉल्व्हची पेट्रोल गाडी, हायवेवर बऱ्यापैकी स्पीडला एकदम शांत झाली. धडाम वगैरे काही नाही, फक्त इंजिनचा आवाज गेला, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले आणि स्टेअरिंग जड झालं. कडेला घेतली. शेजारी दादा बसला होता, तो म्हणाला सेल्फ मार, मी चावी काढून खिशात टाकली. गाडी नेली त्याच गॅरेजमध्ये जिथे बेल्ट बदलला होता, आणि त्या बेल्टचं ठरलेलं आयुष्य अर्धंही झालं नव्हतं. मालकाने बॉनेटमध्ये नजर टाकली आणि म्हणाला इंजिन संपलं, माझ्याकडे एक चांगलं सेकंडहँड आहे, बसवून देतो. मी म्हटलं आधी कव्हर काढा, मला बेल्ट बघायचाय. तो म्हणाला बघून काय करणार, तुटला तो तुटला. दादापण त्याच्याच बाजूने, की तो रोज हेच काम करतो, तुला काय कळतं.

मला कळतं ते एवढंच की तुटलेला बेल्ट बोलतो. एकाच पट्ट्यात सलग दात उडालेले असतील तर वॉटर पंप नाहीतर कॅम जाम झाला होता. कडा कुरतडल्यासारख्या असतील तर पुली सरळ रेषेत नव्हती. रबर फुगलेलं आणि तेलकट असेल तर कॅमचं किंवा क्रँकचं ऑइल सील गळतंय. कात्रीने कापल्यासारखा सरळ तुटला असेल तर बसवायच्या आधी कोणीतरी तो घडी घालून दाबला होता, आतल्या काचेच्या धाग्यांच्या दोऱ्या तेव्हाच मोडल्या होत्या. आणि पाठ जळून चकचकीत झाली असेल तर ज्या गुळगुळीत पुलीवरून ती पाठ सरकते, ती आयडलर (बेल्टला वाट दाखवणारी) किंवा टेन्शनरची (बेल्ट ताणून धरणारी) पुली फिरायची थांबली होती.

माझ्या बेल्टची पाठ काळी चकचकीत होती आणि आयडलर बोटाने हलत नव्हता, बेअरिंग जाम. आधीचं बिल काढलं तर त्यावर टायमिंग बेल्ट 1 नग आणि मजुरी, एवढंच. टेन्शनर नाही, आयडलर नाही, पंप नाही. जुन्या बेअरिंगवर नवा बेल्ट चढवला होता. आणि याच गाडीतून थंड असताना पुढून कुईं असा आवाज येतो म्हणून मी त्याच्याकडे घेऊन गेलो होतो, तेव्हा त्याने अल्टरनेटरचा बेल्ट घट्ट करून परत पाठवली होती. हे सगळं समोर मांडल्यावर त्याचं उत्तर काय, तर बेल्ट सांगून तुटत नाही, नशिबाचा भाग आहे.

गाडी तिथून उचलली. लेथवर हेडची कामं करणारे एक वयस्कर मिस्त्री मिळाले, ते म्हणाले उघडल्याशिवाय मी काहीच बोलणार नाही. त्या एका वाक्यावर गाडी त्यांच्याकडे ठेवली. हेड काढलं, 16 पैकी 6 व्हॉल्व्ह वाकलेले, एक गाइड (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो ती नळी) चिरलेली, पिस्टनच्या डोक्यावर चंद्रकोरीसारखे पुसट ओरखडे, तडा कुठेच नाही. मग त्यांनी जे केलं ते तुमच्या मेकॅनिकने केलंच पाहिजे: प्रत्येक पिस्टन अगदी वर आणून डायल गेजने (बारीक फरक दाखवणाऱ्या मापकाने) उंची मापली. एखादा बाकीच्यांपेक्षा खाली राहिला तर त्याचा कनेक्टिंग रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारा) वाकलाय. माझे चारही सारखे होते, म्हणजे खालचं इंजिन शाबूत. हेड सपाट आहे का तेही पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्या) लावून बघितलं. वाकलेला व्हॉल्व्ह सरळ करत नाहीत, करतो म्हणणाऱ्याकडून गाडी परत आणा. नवीन व्हॉल्व्ह, सीट कटिंग (व्हॉल्व्ह टेकतो ती कड नव्याने कापणं), लॅपिंग (व्हॉल्व्ह तिथे घासून घट्ट बसवणं), नवीन ऑइल सील, नवीन गॅस्केट, हेडचे बोल्टसुद्धा नवीन कारण ते एकदा ताणले गेले की पुन्हा तसे घट्ट बसत नाहीत. बेल्टचं पूर्ण किट, पंपासकट. सेल्फ मारायच्या आधी क्रँक हाताने, पान्याने, पूर्ण दोन फेरे फिरवला, कुठे अडतंय का बघायला. दोन अशासाठी की क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक होतो. मग कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो ते मोजलं, चारही सिलिंडर 12 ते 13 बारच्या मध्ये. तीच गाडी आजही माझ्याकडे आहे, त्याच इंजिनवर, तेल खात नाही. आणि दादा अजूनही म्हणतो की इंजिन बदललं असतं तर डोक्याला ताप नसता! त्याला मी दरवेळी एकच विचारतो, त्या सेकंडहँड इंजिनातला बेल्ट किती जुना होता ते कोणाला माहीत होतं?

तर तुमच्या गॅरेजवाल्याला सांगा, प्लग काढ, कॅमेरा आत घाल, पिस्टनवर खुणा आहेत का दाखव. हेड न काढताही बरंच कळतं. चार सिलिंडरच्या इंजिनात सगळे पिस्टन निम्म्यावर येतील असा क्रँक हाताने हळू फिरवायचा, अडला तर जोर लावायचा नाही, मग कॅम फिरवून एकेका सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद करायचे आणि प्लगच्या भोकातून हवा भरायची. इनटेककडून फुसफुस आली तर इनटेकचा व्हॉल्व्ह वाकलाय, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्टचा. आणि तुटलेला बेल्ट, पुल्या, पंप, सगळं पिशवीत भरून स्वतःकडे ठेवा, आधी कोणी बेल्ट बदलला असेल तर ते बिलही. का तुटला हे शोधल्याशिवाय नवीन घातला तर तोही तुटेल. कोणाचीही भीड ठेवू नका. रबरी टायमिंग बेल्ट 1962 च्या जर्मन ग्लास 1004 पासून गाड्यांत आहे, मेकॅनिकला माहीत नसावं अशी ही गोष्ट नाही.

खर्चाचं म्हणाल तर गॅस्केट, बोल्ट, सील, किट आणि हेड काढाघालायची मजुरी ही एक व्हॉल्व्ह वाकला काय आणि 16 वाकले काय, तेवढीच लागते, वरचा फरक फक्त व्हॉल्व्ह आणि गाइडचा. त्यामुळे "खूप वाकलेत" या कारणावर इंजिन बदलू नका.

हां, इंजिन बदलणं कधीकधी खरंच बरोबर असतं. रॉड वाकलाय, व्हॉल्व्ह तुटून आत पडलाय, सिलिंडरच्या भिंतीला खोल चरे गेलेत, किंवा कॅम बसतो ती जागाच हेडमध्ये फुटलीय, तर दुसरं इंजिन घ्या, मी अडवणार नाही. आधीपासून तेल खाणाऱ्या, धूर काढणाऱ्या इंजिनावरही नवीन हेडचं काम वाया जातं. घेतलंत तर ते बाहेर स्टँडवर असतानाच त्याचं बेल्ट किट बदलून घ्या, तेव्हा काम सोपं असतं, आणि कागदांवर इंजिन नंबर असेल तर तोही बदलून घ्यावा लागेल. डिझेलवाल्यांनी कॅमशाफ्ट (कॅम) आणि रॉकर (कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या छोट्या तरफा) जास्त बारकाईने बघावेत, काही इंजिनांत आधी रॉकर तुटतात आणि व्हॉल्व्ह वाचतात.

आधी कळलं असतं का, याचं उत्तर: नुसता बेल्ट म्हातारा झाला असेल तर बहुतेक वेळा कळत नाही, म्हणून किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी भरेल तेव्हा बदलायचा. गाडीनुसार हा आकडा साधारण 60,000 पासून दीड लाख किमीच्या पुढेही जातो, मॅन्युअल बघा. कमी चालवली म्हणून वर्षं विसरायची नाहीत, रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. पण बेअरिंग जात असेल तर ते आवाज करतं, थंड इंजिनाला जास्त. अशा वेळी बाहेरचा अल्टरनेटरचा बेल्ट काढून इंजिन फक्त काही सेकंद चालवून बघायला सांगा. आवाज तरीही आला तर तो बहुधा टायमिंग कव्हरच्या आतला आहे, तिथून गाडी चालवत घरी नेऊ नका.