हंपबॅक व्हेल आणि चतुर यांच्यात जास्त लांबचा प्रवास कोण करतं?

जगभराचा विचार केला तर दोघंही अफाट प्रवासी. पण अरबी समुद्रापुरतं विचारत असाल, तर चतुर! आणि तेही थोडाथोडका नाही.

पावसाळ्याच्या शेवटी आपल्याकडे माळावर थव्याने घिरट्या घालणारा पिवळसर चतुर म्हणजे पँटाला फ्लेव्हेसेन्स. लांबी जेमतेम साडेचार-पाच सेंटिमीटर. ऑक्टोबरपासून मालदीवमध्ये हे चतुर लाखोंनी उतरतात, आणि तिथे तर अंडी घालण्याजोगं गोडं पाणी जवळपास नाहीच. चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये मांडलं की ते भारतातून वाऱ्यावर स्वार होऊन पूर्व आफ्रिकेकडे निघालेले असतात. जाऊन-येऊन १४ ते १८ हजार किलोमीटर! मात्र ही फेरी एकटा चतुर करत नाही, चार-एक पिढ्या मिळून ती पुरी होते. पावसाच्या डबक्यात अंडी, काही आठवड्यांत नवे चतुर, की पुढचा टप्पा.

इथली हंपबॅक व्हेल मात्र इतर महासागरांतल्या भाईबंदांसारखी ध्रुवाकडे जात नाही. मोसमी वाऱ्यांमुळे ओमानजवळ खोल, थंड, पोषक पाणी वर येतं, त्यामुळे खाद्य इथेच मिळतं. तरी २०१७ मध्ये उपग्रह-टॅग लावलेली 'लुबान' नावाची मादी ओमानहून थेट गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत आली होती. आपल्या किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं, कारण ओमानजवळ या व्हेल शंभराच्या आसपासच उरल्याचा अंदाज आहे. मुख्यतः १९६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी अरबी समुद्रात बेकायदा २४२ मारल्या होत्या.