जपानी छायाचित्रकार शोमेई तोमात्सुच्या पूर्वलक्षी (आजवरच्या कामाचा आढावा घेणाऱ्या) प्रदर्शनात ‘व्हिंटेज प्रिंट’ लिहिलंय, म्हणजे नेमकं काय? ते एवढे दुर्मिळ का?

फोटो काढला त्याच सुमारास, म्हणजे साधारण काही वर्षांच्या आत, छायाचित्रकाराने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली निगेटिव्हवरून काढलेला प्रिंट म्हणजे व्हिंटेज प्रिंट. तीच निगेटिव्ह वीस वर्षांनी पुन्हा वापरून काढलेला नव्हे. तोमात्सुच्या (१९३०–२०१२) पिढीचे असे प्रिंट कमी उरलेत, कारण युद्धोत्तर जपानमध्ये फोटो मुख्यतः मासिकं आणि पुस्तकांसाठी काढले जात. प्रिंट छापखान्यात जायचा, पान छापलं की त्याचं काम संपायचं. प्रिंट विकत घेणारा बाजार तिथे १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात कुठे उभा राहू लागला. म्हणून नागासाकीत अणुबॉम्ब पडला त्या क्षणी, ११:०२ला, थांबलेल्या घड्याळाचा फोटो (१९६१) व्हिंटेज प्रिंटमध्ये पाहायला मिळाला, तर अजिबात घाई करू नका. काळ्या रंगाचा गडदपणा, कागदाचा पोत, कडांचा पिवळेपणा अगदी जवळून पाहा. पुस्तकाच्या छपाईत यातलं बरंच हरवतं. एक मात्र आहे: व्हिंटेज म्हणजे सर्वोत्तमच असं नाही. छपाईसाठी घाईने काढलेल्या जुन्या प्रिंटपेक्षा नंतरचा प्रिंट सरस असू शकतो, आणि त्या काळातले कितीतरी जपानी छायाचित्रकार पुस्तकालाच आपली खरी कलाकृती मानत.