टॅली, पेमेंट गेटवे आणि ऑटोमेशन : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : आमचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. वेबसाइटवर रोज तीस-चाळीस ऑर्डर येतात. क्लाउडवरच्या एनएटएन या ऑटोमेशनच्या सॉफ्टवेअरमधून त्या थेट टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये जाव्यात म्हणून ऑफिसच्या राउटरवर ९००० नंबरचा पोर्ट (नेटवर्कवरचं दार) बाहेरून उघडा करायला सांगितलं आहे. करावा का? (वाचक, सांगली)

अजिबात करू नका. टॅली या पोर्टवर एक्सएमएल (खुणांनी बांधलेला मजकूर) स्वरूपात माहिती घेते आणि देते, पण समोरच्याला पासवर्ड विचारत नाही. कंपनी उघडी असेल तर पोर्टपर्यंत पोचलेला कुणीही तुमची वही वाचू शकतो आणि तिच्यात लिहूही शकतो.

दिशा उलटी ठेवा. क्लाउडने ऑफिसात शिरायचं नाही. ऑफिसातल्या कॉम्प्युटरने बाहेर जाऊन काम उचलून आणायचं. एनएटएन प्रत्येक ऑर्डर एका डेटाबेसच्या टेबलात लिहील. रकाने पुरेसे : ऑर्डर नंबर, तारीख, राज्य, रक्कम, स्थिती आणि चूक आल्यास तिचा संदेश. टॅली असलेल्या कॉम्प्युटरवर पायथनची छोटी स्क्रिप्ट दर दोन मिनिटांनी 'बाकी' स्थितीतल्या ओळी आणते, त्याच मशीनवरच्या टॅलीला देते आणि उत्तर वाचून स्थिती बदलते. वीज गेली तर ओळी टेबलात थांबून राहतात, हरवत नाहीत.

टॅलीत एफ-वन दाबून सेटिंग्ज, कनेक्टिव्हिटी, क्लायंट-सर्व्हर कॉन्फिगरेशन इथे जा. 'बोथ' निवडा, पोर्ट ९००० ठेवा, टॅली बंद करून पुन्हा चालू करा. त्याच मशीनच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा (त्याच मशीनचा) पत्ता आणि ९००० टाकल्यावर सर्व्हर चालू असल्याचा संदेश दिसला की पाया तयार झाला. कंपनी मात्र उघडी हवी.

इथे बहुतेकांची फसगत होते ती उत्तर वाचण्यात. नोंद नाकारली तरी टॅली एचटीटीपीचा २०० हाच 'सगळं ठीक' सांगणारा कोड पाठवते, म्हणून ऑटोमेशनमध्ये सगळं हिरवं दिसतं आणि वहीत काहीच नसतं. उत्तरातला 'क्रिएटेड'चा आकडा १ आणि 'एरर्स'चा ० आहे का, हे तपासल्याशिवाय ओळीला 'झाली' म्हणू नका. 'लाइन एरर'चा मजकूर जसाच्या तसा टेबलात साठवा. नकाराची कारणं ठरलेली असतात. लेजरचं (खात्याचं) नाव टॅलीतल्या नावाशी जुळत नाही. तारीख २०२६०४०१ अशी सलग आठ अंकी नाही. नावात 'अँड'चं चिन्ह आहे आणि ते एक्सएमएलच्या नियमाने लिहिलेलं नाही. नावे बाजूची रक्कम ऋण चिन्हाने दिलेली नाही. टॅली एज्युकेशनल (लायसन्सशिवाय शिकण्यासाठीच्या) मोडमध्ये उघडली असेल तर महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांच्या नोंदी होतात. लायसन्स सापडलं नाही म्हणून ती त्या मोडमध्ये गेली असेल, तर बाकीच्या दिवसांच्या नोंदी अडतात आणि कारण पटकन लक्षात येत नाही.

शेवटचं कारण एका पैशाचं, पण रोजचं. समजा ५ टक्के जीएसटी धरून पुडा ९९ रुपयांना आहे. मूळ किंमत निघते ९४.२९. सीजीएसटी २.३६, एसजीएसटी २.३६. बेरीज ९९.०१! नावे आणि जमा जुळत नाहीत, व्हाउचर (नोंद) नाकारलं जातं. म्हणून 'राउंड ऑफ'चं लेजर पहिल्या दिवसापासून ठेवा आणि फरक स्क्रिप्टलाच तिथे टाकू द्या. बाहेरच्या राज्यात माल जाणार असेल तर आयजीएसटी. ते माल कुठे पोचवायचा त्या राज्यावरून ठरवा, ग्राहकाच्या फोन नंबरवरून नव्हे.

प्रत्येक किरकोळ ग्राहकाचं लेजर आपोआप उघडण्याचा मोह टाळा. वर्षभरात हजारो लेजर साचतात आणि ताळा कुणालाच लागत नाही. जीएसटी क्रमांक नसलेल्यांसाठी एकच 'वेबसाइट ग्राहक' लेजर पुरतं. आधी कंपनीच्या डेटाची प्रत काढून तिच्यावर निदान पन्नास जुन्या ऑर्डरी चालवा. त्यांत रद्द झालेल्या, सवलतीच्या आणि परराज्यातल्याही असू द्या.

प्रश्न : रेझरपे या पेमेंट गेटवेचं वेबहुक (पेमेंट होताच आपोआप येणारा निरोप) जोडलं आहे. काही पेमेंटच्या दोन-दोन पावत्या पडतात, आणि महिनाअखेर बँकेशीही आकडे जुळत नाहीत. (वाचक, ठाणे)

दोन वेगळी दुखणी आहेत.

तुमच्याकडून पाच सेकंदांत उत्तर मिळालं नाही तर रेझरपे तोच निरोप पुन्हा पाठवते, आणि अपयश येत राहिलं तर २४ तासांपर्यंत पाठवत राहते. तुमचा वर्कफ्लो सगळी कामं उरकून मग उत्तर देत असणार. वेबहुक नोडला (वर्कफ्लोच्या पहिल्या पायरीला) लगेच उत्तर द्यायला सांगा, बाकीचं काम मागाहून. सही (निरोप रेझरपेकडूनच आल्याची डिजिटल खूण) तपासताना निरोपाचा मूळ, न बदललेला मजकूर घ्या. जेसन स्वरूपातला हा मजकूर उलगडून पुन्हा बांधला की सही जुळत नाही.

तरीही तोच निरोप दोनदा येऊ शकतो, हे धरूनच चाला. पेमेंट आयडीचा रकाना डेटाबेसमध्ये 'युनिक' (तोच आयडी दोनदा न घेणारा) करा. गूगल शीटमध्ये 'आधी शोधा, नसेल तर लिहा' ही पद्धत एकाच सेकंदात दोन निरोप आले की कोसळते. एक फट तरीही उरते : टॅलीने नोंद घेतली, आणि 'झाली' लिहिण्याआधीच मशीन बंद पडलं. यासाठी पाठवण्याआधी टेबलातल्या ओळीची स्थिती 'पाठवली' करा, आणि ऑर्डर नंबर व्हाउचरच्या संदर्भात टाका. चालू झाल्यावर 'पाठवली'वर अडकलेल्या ओळी आधी टॅलीला विचारा, मगच पुन्हा धाडा.

आता बँक. ग्राहकाने भरलेले पैसे थेट बँकेच्या लेजरला लावू नका. मध्ये 'रेझरपे येणे' असं लेजर ठेवा. हजार रुपयांचं पेमेंट आलं आणि कमिशन २ टक्के असेल, तर २० रुपये कमिशन आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३.६० कापून बँकेत ९७६.४० येतात. सेटलमेंट (रेझरपेने बँकेत केलेला भरणा) आलं की तिन्ही रकमा त्या लेजरमधून वळवा. रेझरपेकडून रकमा पैशांत येतात, म्हणजे हजार रुपये १००००० असे, हे ध्यानात असू द्या. आणि 'फी' या आकड्यात जीएसटी आधीच धरलेला असतो. त्यात 'टॅक्स' पुन्हा मिळवला की दर हजार रुपयांच्या पेमेंटमागे ३.६० चा फरक पडतो. तुमचा फरक असाच दिसतो का, ते आधी पाहा.

प्रश्न : गूगल शीटची जोडणी दर आठवड्याला तुटते, आणि सकाळी नऊचा रिपोर्ट संध्याकाळी येतो. (वाचक, मडगाव)

गूगल क्लाउडमध्ये तुमचं ओ-ऑथ (गूगल खात्यात शिरायची परवानगी मिळवणारं) अॅप 'टेस्टिंग' स्थितीत असणार. तिथे रिफ्रेश टोकन (पुन्हा लॉगिन न करता जोडणी टिकवणारी किल्ली) सात दिवसांनी संपतं. अॅप 'प्रॉडक्शन'मध्ये न्या आणि एकदा नव्याने लॉगिन करा. कंपनीचं गूगल वर्कस्पेस असेल तर 'इंटर्नल' निवडणं सोपं.

रिपोर्टचं कारण बहुधा वेळेच्या पट्ट्यात आहे. स्वतःच्या सर्व्हरवर टाकलेलं एनएटएन मुळात न्यूयॉर्कच्या वेळेवर चालतं. तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. टाइमझोन आशिया-कोलकाता करा आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करा. त्याच बैठकीत एनएटएनची एन्क्रिप्शन की (साठवलेले पासवर्ड उलगडणारी किल्ली) दुसरीकडे जपून ठेवा. सर्व्हर बदलताना ती नसेल तर साठवलेले सगळे पासवर्ड आणि टोकन नव्याने भरावे लागतील.