म्बेकींनी जे पाहायचं नाकारलं

प्रश्न असा विचारला गेलाय की नेत्याला एखाद्या विषयातलं कळत नसलं तर एवढं काय बिघडतं? सचिव असतात, तज्ज्ञ असतात, ते सांभाळून घेतात. मी २००४ पासून अकरा वर्षं एका जिल्हा रुग्णालयात एचआयव्ही समुपदेशक होते, त्यामुळे या प्रश्नावर मला सगळ्यात आधी दक्षिण आफ्रिका आठवते. सविस्तर लिहिते.

तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी अडाणी मुळीच नव्हते. ससेक्स विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला, भरपूर वाचणारा माणूस. १९९९ च्या जूनमध्ये ते सत्तेवर आले आणि ऑक्टोबरमध्येच संसदेच्या वरिष्ठ सभागृहात म्हणाले की एझेडटी हे एचआयव्हीवरचं औषध विषारी असल्याचं बरंच लिहिलं गेलंय, सदस्यांनी इंटरनेटवर जाऊन ते वाचावं. २००० साली त्यांनी एक सल्लागार समिती नेमली आणि तिच्यात एचआयव्हीमुळे एड्स होतो हेच न मानणाऱ्या लोकांना जवळजवळ निम्म्या जागा दिल्या.

त्यांच्याच आरोग्य खात्याच्या पाहणीचे आकडे दरवर्षी समोर येत होते. सरकारी दवाखान्यांत तपासणीला येणाऱ्या गरोदर बायकांमध्ये १९९० साली बाधितांचं प्रमाण ०.७ टक्के होतं. २००० साली ते २४.५ टक्क्यांवर गेलं, म्हणजे रांगेतली जवळजवळ दर चौथी बाई. खात्याने मोजलं होतं, लिहिलं होतं, छापलंही होतं. वर बसलेल्या माणसाला ते नको होतं.

२००० च्याच जुलैत डर्बनला जागतिक एड्स परिषद भरली. पाच हजारांहून जास्त शास्त्रज्ञ आणि डॉक्टरांनी सही करून सांगितलं की पुरावा निर्विवाद आहे. म्बेकींनी उद्घाटनाच्या भाषणात गरिबीवर भर दिला आणि सगळा दोष एकाच विषाणूला देता येणार नाही असं सुचवलं. त्याच कार्यक्रमात जन्मापासून बाधित असलेला अकरा वर्षांचा न्कोसी जॉन्सन बोलायला उभा राहिला. बाधित गरोदर बायांना एझेडटी द्या, म्हणजे बाळांना लागण होणार नाही, एवढंच तो सरकारकडे मागत होता. त्याचं भाषण चालू असतानाच म्बेकी उठून गेले. पुढच्या जूनमध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी न्कोसी वारला.

त्याच कामाचं दुसरं एक औषध माझ्या ओळखीचं आहे. नेव्हिरॅपिन. तेव्हा कळा सुरू झाल्या की आईला एक गोळी द्यायचे, आणि बाळाला बहात्तर तासांच्या आत थोडंसं सिरप. २००६ च्या हंगामात टोळीबरोबर ऊसतोडीला आलेली एक बाई रात्री ट्रॅक्टरमधून आमच्याकडे आणली. तिची तपासणी आधी झालेली होती. सिस्टरांनी कार्ड पाहिलं, कपाटातून गोळी काढली आणि स्टीलच्या पेल्यातल्या पाण्याबरोबर तिला दिली. पहाटे मुलगी झाली. सिस्टरांनी पॉइंट सहा मिली सिरप सिरिंजमध्ये ओढून थेंब थेंब तिच्या गालाच्या आत सोडलं. बाळाने तोंड वाकडं केलं आणि गिळलं. अठरा महिन्यांनी आजी तिला कडेवर घेऊन आली, रिपोर्ट निगेटिव्ह होता. तो कागद मी आजीला दोनदा वाचून दाखवला.

हेच औषध दक्षिण आफ्रिकेला पाच वर्षं फुकट द्यायला कंपनी २००० सालीच तयार होती. सरकारने प्रत्येक प्रांतात प्रयोग म्हणून फक्त दोन-दोन केंद्रं ठरवली. बाकीच्या सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टरांना ते द्यायची परवानगीच नव्हती. ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेन ही संघटना कोर्टात गेली. डिसेंबर २००१ मध्ये हायकोर्टात जिंकली, तरी सरकारने अपील केलं. जुलै २००२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने औषध सगळीकडे खुलं करायला सांगितलं. ही दोन वर्षं मला फार मोठी वाटतात. लेबर रूममध्ये दोन वर्षांत किती रात्री असतात हे मी पाहिलंय.

आता मूळ मुद्दा. सचिव सांभाळून घेतात हा समज चुकतो तो इथेच. साहेबांना काय ऐकायचं नाही हे खालच्या माणसाला चटकन कळतं, आणि मग तो ते सांगायचं बंद करतो. जो सांगतो त्याला किंमत मोजावी लागते. म्पुमलांगा प्रांतात बलात्कार झालेल्या बायकांना एचआयव्हीची लागण टाळणारी औषधं देणाऱ्या एका संस्थेला सरकारी रुग्णालयाच्या अधीक्षकाने आवारात जागा दिली, तर त्याची नोकरी गेली. वैद्यकीय संशोधन परिषदेने २००१ मध्ये दाखवून दिलं की तरुण आणि प्रौढ वयातल्या मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण एड्स झालंय, तर सरकार त्या अहवालावरच संशय घेत राहिलं. खुद्द म्बेकी १९९५ चे जुने आकडे पुढे करून आरोग्यावरच्या खर्चाचा क्रम बदलायला सांगत होते. आरोग्यमंत्री मांतो शबालाला-म्सिमांग लसूण, बीट आणि लिंबाचे गुण सांगत राहिल्या. २००६ ला टोरांटोच्या परिषदेत देशाच्या स्टॉलवर तेच मांडलेलं होतं. खरं बोलणाऱ्या उपमंत्री नोझिझ्वे मादलाला-रूटलेज यांना २००७ मध्ये काढलं.

आणि २००३ मध्ये म्बेकींनी एका अमेरिकी वर्तमानपत्राला सांगितलं की एड्सने मेलेलं कुणीही आपल्या ओळखीचं नाही. तेव्हा त्यांच्या देशात शनिवार-रविवार अंत्यविधींत जात होते. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही, असं आपण म्हणतो. सोंग घेणारा राष्ट्राध्यक्ष असेल तर सगळ्या घराला आवाज न करता वावरावं लागतं.

त्यांच्या संशयाला काहीच आधार नव्हता असं मी म्हणणार नाही. वर्णद्वेषी राजवटीने काळ्या माणसाच्या शरीराबद्दल जे घाण बोललं, ते ऐकत ही पिढी वाढली. ३९ औषध कंपन्यांनी स्वस्त औषधांच्या कायद्यावरून त्यांच्या सरकारला कोर्टात खेचलं होतं, तो खटला २००१ च्या एप्रिलमध्ये मागे घेतला गेला. उपचाराचा खर्च माणशी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर होता, हेही खरं. पण त्याच फेब्रुवारीत आपल्या मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला होता. किमतीची भिंत पडत होती. एरवी अशी संधी कुठल्याही सरकारने दोन्ही हातांनी घेतली असती.

शेजारच्या बोट्स्वानाकडे पाहा. तिथले राष्ट्राध्यक्ष फेस्टस मोगाए हेही अर्थतज्ज्ञ आणि तेही ससेक्समध्ये शिकलेले. वैद्यकशास्त्र त्यांनाही येत नव्हतं. पण डॉक्टरांनी मांडलेले आकडे त्यांनी मानले, आपला देश नामशेष होऊ शकतो असं जगासमोर सांगितलं, आणि २००२ मध्ये सरकारी दवाखान्यांतून मोफत उपचार सुरू केले. म्हणून, नेत्याला त्या विषयातलं यायलाच हवं असा माझा आग्रह नाही. ज्याला येतं त्याचं ऐकलं तरी पुरतं.

हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये हिशेब मांडला. २००० ते २००५ मध्ये वेळेवर उपचार न दिल्यामुळे तीन लाख तीस हजारांहून जास्त माणसं गेली आणि सुमारे पस्तीस हजार बाळं टाळता येण्याजोग्या संसर्गासह जन्मली. तुलना बोट्स्वाना आणि नामिबियाशी केली होती.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये म्बेकी पायउतार झाले. नव्या आरोग्यमंत्री बार्बरा होगन ऑक्टोबरमध्ये केपटाउनच्या परिषदेत म्हणाल्या की एचआयव्हीमुळे एड्स होतो हे आपल्याला माहीत आहे. त्याची जगभर बातमी झाली. मी ती वाचली तेव्हा माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर तेच वाक्य निळ्या ऑइलपेंटने रंगवलेलं होतं. मी कामाला लागायच्या आधीपासून ते तिथे होतं.